हिरवा पंजा आणि थकलेला देव

[पडद्यावर: काळं अवकाश. पुढ्यात हिरवट, पारदर्शक पंजा.]

२२ सप्टेंबर १९६७. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला दुसरा भाग लागतो: ‘हू मोर्न्स फॉर अडोनेस?’ पोलक्स चार या ग्रहाजवळ एंटरप्राइज यान अडकलंय. एका अजस्र हातानं ते धरलंय, आणि इंजिनांचा सगळा जोर लावूनही ते सुटत नाही. खालून बोलावणं येतं. बोलावणारा स्वतःला ग्रीकांचा देव अपोलो म्हणवतो.

यानाचा कप्तान कर्क, डॉक्टर मॅकॉय, इंजिनिअर स्कॉटी, चेकॉव्ह आणि लेफ्टनंट कॅरोलिन पॅलामस खाली उतरतात. टोकदार कानांच्या स्पॉकला मात्र मज्जाव. त्याला पाहून अपोलोला बोकडाचे पाय-शिंगं असलेला ग्रीक देव पॅन आठवतो, आणि पॅनचा त्याला कायम कंटाळा यायचा! ऐकताना हे नुसतं हसण्यावारी जातं, पण पुढचं सगळं कथानक यावरच उभं आहे. स्पॉक वर राहिला, म्हणून सुटकेचं काम दोन टोकांनी चालू शकतं.

[पडद्यावर: खांबांचं पांढरं देऊळ.]

मायकेल फॉरेस्टच्या अपोलोकडे पाहून कर्क तर्क करतो, पाच हजार वर्षांपूर्वी असे प्रवासी पृथ्वीवर आले असतील. म्हणजे ग्रीकांचे देव हे परग्रहावरचे प्रवासी. एरिक फॉन डेनिकेनचं याच कल्पनेवरचं गाजलेलं पुस्तक जर्मनीत आलं ते १९६८ साली, या भागानंतर.

आता खरी खुबी पाहा. देवाशी लढायचं कसं? कर्कची माणसं आधी निरीक्षण करतात. वीज फेकली की अपोलो दमतो आणि दिसेनासा होतो. चेकॉव्ह विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचा दाखला देतो: एकदा झटका दिला की पुन्हा शक्ती साठायला वेळ लागतो. मग बेत ठरतो. सगळ्यांनी मिळून त्याला डिवचायचं, एकावर वार करून तो रिकामा झाला की बाकीच्यांनी झडप घालायची. बेत फसतो, कारण ऐन वेळी कॅरोलिन मध्ये पडते आणि त्याचा राग शांत करते.

वर यानात उहुरा तुटलेला संपर्क नव्यानं जोडत असते. बारीक, किचकट काम. स्पॉक निवडक तरंगलांबींवर मारा करून अपोलोच्या शक्तिक्षेत्राला भोकं पाडायच्या तयारीत असतो. शक्तीचा उगम त्या देवळातच आहे, हे कळताच यानाच्या फेझर या किरणास्त्राचा नेम तिथे लागतो.

कॅरोलिनवर मात्र लेखनानं अन्याय केलाय. प्राचीन संस्कृतींची ही जाणकार अधिकारी, पण सुरुवातीलाच मॅकॉय म्हणतो, योग्य पुरुष भेटला की ही नोकरी सोडेल. तिच्या ज्ञानाचा कथेला फारसा उपयोग होत नाही, हे आज फार खटकतं. लेस्ली पॅरिशनं अपोलोला दिलेल्या शेवटच्या नकारात जीव ओतलाय, म्हणून ती भूमिका तरते.

भागाचं शीर्षक इंग्रज कवी शेलीच्या १८२१च्या शोककवितेतल्या ओळीवरून घेतलंय: ‘अडोनेससाठी कोण शोक करतं?’ ती कविता कवी कीट्सच्या मृत्यूवरची, अडोनेस हे तिथे त्याचंच नाव. अडोनेस म्हणजे अपोलो नव्हे. इथे महत्त्वाचा आहे तो शोक.

[पडद्यावर: कोसळलेलं देऊळ.]

अपोलो आपल्या जुन्या सोबत्यांना हाका मारत विरून जातो. मॅकॉयला वाईट वाटतं. कर्क हळूच म्हणतो, त्याची पूजा म्हणून लॉरेलची चार पानं गोळा केली असती, तर आपलं काय बिघडलं असतं?

लॉरेल हे अपोलोचं झाड. त्याला नाकारून पळालेली डॅफ्नी याच झाडात बदलली होती.