घराचा विमा आणि अण्णांची यादी

नमस्कार श्रोतेहो.

गाडीचा विमा कधी संपतो, हे आपल्याला पाठ असतं, कारण नाक्यावर पोलीस अडवतो. घराला कोणी अडवत नाही. म्हणून पाच लाखांच्या गाडीला विमा आणि कोटीच्या घराला नुसतं कुलूप, अशी मुंबईत आपली तऱ्हा आहे.

आज घराच्या विम्याबद्दल बोलायचंय. कशाचे पैसे मिळतात आणि कशाचे मिळत नाहीत, एवढंच. विमा काढा म्हणून मागे लागणारे पुष्कळ आहेत, ते काम मी करणार नाही.

घराचा विमा आहे का, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "सोसायटीचा आहे ना!" असेल. सोसायटीने इमारतीचा विमा काढायचा आणि त्याचा खर्च सभासदांकडून फ्लॅटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा, असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे. पण तो इमारतीचा. तुमचं कपाट, तुमचा फ्रिज, तुमच्या गाद्या त्यात नाहीत. पुन्हा सांगते, सोसायटीचा विमा इमारतीचा, घरातल्या सामानाचा नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना पॉलिसीची प्रत मागून बघा. पार्किंगवरून तीन तास भांडण होतं, पण ही प्रत मागितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरं उत्तर, "बँकेने कर्जाबरोबर काढलाय." काढला असेल, पण कशाचा? घराचा, की कर्ज घेणाऱ्याच्या जिवाचा? पुष्कळदा तो जिवाचा असतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर हप्ते फिटावेत म्हणून. चांगलीच गोष्ट आहे, पण उद्या घराला आग लागली तर त्या कागदाचा उपयोग शून्य. आज रात्री जेवणं झाली की फाइल काढा आणि वर काय लिहिलंय ते वाचा.

आता रक्कम. दादरला फ्लॅट दोन कोटींचा, म्हणजे विमा दोन कोटींचा, असं नसतं. दोन कोटींतला मोठा वाटा जमिनीचा आणि जागेच्या मोक्याचा. जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल, तेवढ्याचा विमा. समजा पाचशे चौरस फूट कार्पेट आणि बांधकामाचा खर्च फुटाला तीन हजार रुपये, तर झाले पंधरा लाख. विम्याचा हप्ता या पंधरा लाखांवर बसतो, म्हणून तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज कोसळणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड किंवा वाहन येऊन आदळणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणं, हे सगळं त्यात येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं, ते मुंबईकराला सांगायला नको. तसा पूर यात येतो. इमारतीचा विमा असेल तर घरातल्या नेहमीच्या सामानाला त्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. आपल्या पंधरा लाखांच्या हिशेबात सामानाचे तीन लाख. सामान जास्त असेल तर ते जाहीर करून रक्कम वाढवून घ्यायची.

आता गोष्ट सांगते. खरं म्हणजे या गोष्टीसाठीच मी आजचं बोलणं स्वीकारलं.

विक्रोळीला हाउसिंग बोर्डाची जुनी वसाहत आहे, तिथे आम्ही राहतो. मी विमा कंपनीतून निवृत्त झाले, तरी वसाहतीत अजून 'विमावाल्या ताई'च आहे. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, आणि घराघरांत पोटमाळ्यावर टाकी. एका वर्षी गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सहकुटुंब सावंतवाडीला गेल्या. गणपतीत अर्धी वसाहत कोकणात असते, आणि गाड्यांची आरक्षणं उघडल्या उघडल्या कशी संपतात, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. तर वहिनी गेल्या, टाकीचा कॉक बंद करायचा राहिला, आणि टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक अडकला. खालचे अण्णा आणि काकू गौरीसाठी मुलीकडे ठाण्याला. पहाटे पाणी आलं, टाकी भरली, वाहू लागली. दुसऱ्या पहाटे पुन्हा. जिन्यावरून पाणी उतरायला लागलं, तेव्हा शेजाऱ्यांनी खालचा व्हॉल्व्ह बंद करून अण्णांना फोन लावला.

अण्णांनी दार उघडलं. छताच्या गिलाव्याची पोळपाटाएवढी खपली दिवाणावर पडलेली. प्लायवूडच्या कपाटाचं दार फुगून कमानीसारखं वाकलेलं, आणि घरभर भिजलेल्या सरसाचा वास. काकूंनी पदर खोचून केरसुणी उचललीच होती. मी म्हटलं, "काकू, केरसुणी ठेवा. आधी फोटो." श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. आधी फोटो, मग फडकं. नुकसान वाढू नये म्हणून पाणी काढायचं, वीज बंद करायची, हे खरंच. पण फोटो आधी, आणि कंपनीला फोन त्याच दिवशी.

अण्णांच्या मुलाने मागे लागून 'भारत गृह रक्षा' काढून दिली होती. अण्णा रेल्वेच्या लेखा विभागातले. त्यांनी रात्री बसून आखीव कागदावर यादी केली. अनुक्रमांक, वस्तू, खरेदीचं वर्ष, रक्कम, शेरा. दोन दिवसांनी नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण मुलगा, बूट बाहेर काढून, पँट दुमडून आत शिरला.

छताचा गिलावा, पंख्याचं वायरिंग, रंग. लिहून घेतलं. दिवाण, गाद्या, कपाट, काकूंचं शिलाई मशीन. लिहून घेतलं. अण्णा खुशीत आले.

पुढे टीव्ही. सर्व्हेअर आतल्या खोलीत गेला. टीव्ही कोरड्या भिंतीवर, वर धूळ जशीच्या तशी. "हा भिजला कधी?" अण्णा म्हणाले, "भिजला नाही, मे महिन्यात व्होल्टेज वरखाली झालं तेव्हा गेला. पण आता विमा आहेच तर..." विजेच्या दाबाने किंवा शॉर्टसर्किटने एखादं उपकरण स्वतःच जळलं, तर त्या उपकरणाचे पैसे या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यातून आग भडकून बाकीचं घर जळलं, तर त्या बाकीच्याचे मिळतात. टीव्हीपुढे फुली.

पुढे रोकड. गौरीच्या खर्चाचे पैसे काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवले होते, डबा भरला पाण्याने. नोटा दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेल्या. रोख रक्कम पॉलिसीत बसत नाही. मात्र खराब झालेल्या नोटा बँक बदलून देते, हे सर्व्हेअरनेच सांगितलं. पुढे काकूंची ठुशी, शेरा, 'गोंधळात गहाळ'. सर्व्हेअर म्हणाला, "काका, हरवलेली वस्तू यात येत नाही. अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच चोरी झाली, तर येते. आणि दागिन्यांचा विमा वेगळा जाहीर करून घ्यावा लागतो." तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज, "अहो, ठुशी कुठली गहाळ? मुलीकडे ठेवलीय, गाठवायला!" अण्णांनी स्वतःच्या हाताने ती ओळ पट्टी लावून खोडली.

शेवटची ओळ, न्हाणीघराच्या बाजूची भिंत. रक्कम सगळ्यात मोठी. भिंतीला हिरवट-काळा डाग, खालून पोपडे. "वरून पाणी आलं, हे बघा," अण्णा म्हणाले. सर्व्हेअरने खिशातून किल्ली काढली आणि टोकाने पोपडा अलगद उचलला. खाली फिकट निळा रंग. त्याखाली पुट्टी. पुट्टीखाली पिवळा रंग आणि त्यावर तोच काळा डाग. तो म्हणाला, "काका, ही ओल या गणपतीतली नाही. तुम्ही हिला दोनदा रंग दिलाय." अण्णा गप्प. काकू म्हणाल्या, "तीनदा."

मुंबईतल्या घराच्या विम्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्या एका पोपड्यात आहे. अचानक झालं तर विमा, हळूहळू झालं तर तुमचं तुम्ही. टाकी भरून वाहिली, पाइप फुटला, ते अचानक. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, गंजलेल्या सळ्या, वाळवी, झीज, ते हळूहळू. बांधकामातला मूळ दोष आणि नवं बांधकाम बसता बसता पडणारे तडेही त्यातच. पुन्हा म्हणते, अचानक ते विम्याचं, हळूहळू ते देखभालीचं. ओलीचा उपाय प्लंबर, आणि कोणाचा प्लंबर तेही उपविधीत आहे. बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने बघायची, घरातल्या संडास-मोरीची त्या सभासदाने. आणि ओल झाकायला पीओपीची खोटी छतं लावतात ना लोक, त्यांचा मला मनापासून राग आहे. वरती काय चाललंय ते अंगावर कोसळेपर्यंत कळत नाही. असो.

अण्णांना छताचे आणि भिजलेल्या सामानाचे पैसे मिळाले. वरच्या वहिनी परत आल्या त्या रडकुंडीला येऊन, नारळ आणि कोकमं घेऊन. त्यांच्या घराचाही विमा होता. पण आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान त्या मूळ पॉलिसीत येत नाही. ते कवच वेगळं मागून घ्यावं लागतं. खाली कोणी राहत असेल तर जरूर विचारा, आणि मुंबईत खाली कोणीतरी राहतंच.

उरलेलं भराभर सांगते. नुसती घरफोडी, म्हणजे आग नाही, पूर नाही, चोर आला आणि गेला, ती मूळ पॉलिसीत नाही, वेगळी जोडावी लागते. पार्किंगमध्ये बुडालेली गाडी घराच्या विम्यात नाही, ती गाडीच्या विम्यात. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडं मिळण्याची तरतूद आहे, आणि मुंबईत भाडी काय आहेत बघता हे कलम आधी वाचा. आगीचा दावा असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरीचा असेल तर पोलिसांत तक्रार, हे कागद लागतात.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागायचं. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. मुंबईचं त्यांचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं. एक वर्ष, श्रोतेहो. बाकी कागद मागाहून जोडता येतात, पण तारीख उलटली की उशीर माफ करायचा की नाही, हे लोकपालांच्या हातात.

वेळ झाली. नमस्कार.