खोक्यांत बांधलेलं घर

(बालसाहित्यावरील व्याख्यानाचा संपादित अंश)

फ्रान्सिस्को हिमेनेझ यांच्या 'द सर्किट' या आत्मकथनपर कथासंग्रहातली एक गोष्ट आधी सांगतो. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीचा हंगाम संपलाय. शेतमजुराचा मुलगा कामावरून येतो, खोपटाचं दार उघडतो, तर सगळा संसार पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधलेला. कुटुंब द्राक्षं तोडायला फ्रेस्नोकडे जातं आणि बिनखिडकीच्या गॅरेजात राहतं. द्राक्षं संपेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, तेव्हा कुठे हा सहावीच्या वर्गात जाऊन बसतो. लेमा नावाचे गुरुजी जेवणाच्या सुट्टीत त्याचं इंग्रजी घेतात. एका शुक्रवारी ते ट्रम्पेट शिकवायचं कबूल करतात. पोरगं धावत घरी येतं, दार उघडतं. पुन्हा खोकी. गोष्ट तिथेच संपते.

हिमेनेझ यांचा जन्म 1943 चा, मेक्सिकोतला. चार वर्षांचे असताना ते कॅलिफोर्नियात आले आणि सहाव्या वर्षी शेतात कामाला लागले. पुढे ते सांता क्लारा विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1997 साली आलेल्या या पुस्तकात मात्र तो प्राध्यापक कुठेही डोकावत नाही. त्यांच्या लेखनातलं मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. घर का सोडावं लागतं, यावर मुलापुढे भाषण नाही. बाप दुष्ट नाही, काम संपलंय एवढंच. आईचं एक मोठं पातेलं आहे, ते बाप स्वतः जपून गाडीत ठेवतो. प्रत्येक मुक्कामी जागा बदलते, पातेलं तेच राहतं. दहा वर्षांच्या वाचकाला एवढं पुरतं.

आपण मोठी माणसं इथे फार घाई करतो. मुलांना दुःख सोसणार नाही म्हणून शेवटच्या पानावर यश आणून ठेवतो. हिमेनेझ ते करत नाहीत. पुस्तकाच्या अखेरीस मुलगा अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ओळी पाठ करून वर्गात म्हणायला तयार आहे, आणि त्याला न्यायला इमिग्रेशनचा अधिकारी दारात येतो. पुढचं हवं तर पुढच्या पुस्तकात वाचा. ज्या मुलाचं घर आज, या क्षणी खोक्यांत बांधलं जातंय, त्याला 'पुढे सगळं छान होतं' हे ऐकून काय मिळणार? आपल्यासारखंच कुणीतरी आहे, हे मिळालं तर पुष्कळ.

आपल्याकडे लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन 1980 साली आलं. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, आज या गावात, उद्या त्या, आणि त्यातच बापाने धरलेला शाळेचा हट्ट. ते मोठ्यांसाठी लिहिलंय, पण त्यातला शाळेचा भाग पाचवी-सहावीच्या मुलांपुढे वेगळा काढून ठेवावा, असं मला फार वाटतं.

आणि ऊसतोडीची मुलं? दिवाळीच्या आसपास बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते, पोरगं धाकट्या भावंडाला सांभाळतं, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे परत गावाकडे. तोवर वर्गाचा अभ्यास कुठल्या कुठे गेलेला असतो. हंगामी वसतिगृहात शिकवणारे कुणी इथे बसले असतील तर त्यांना माझी विनंती आहे : 'माझे गाव' हा निबंध एकदा बाजूला ठेवा. कोपीत काय काय नेलं, काय मागे राहिलं, हे मुलांकडून लिहून घ्या. शुद्धलेखन नंतर बघू. आणि ते कागद रद्दीत देऊ नका.