दोन जानेवारीची सकाळ

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. दौंड तालुक्यातील केडगावच्या परिसरातील या लहानशा चर्चमध्ये वर्षअखेरची उपासना सुरू आहे. थंडी चांगलीच पडली आहे, सतरंज्यांवर शाली लपेटलेली माणसे दाटीवाटीने बसली आहेत, आणि पेटी-ढोलकीच्या साथीने गीत चालू आहे. मंडळीतील एकेक जण उठून सरत्या वर्षाची साक्ष देतो: कोणाचे दुखणे बरे झाले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचे माणूस गेले तरी विश्वास टिकला. बाराचे ठोके पडताना सगळे गुडघ्यांवर आहेत. त्यानंतर स्टीलचे ताट फिरते. त्या ताटातून प्रत्येक जण नव्या वर्षासाठी वचनाचे एक कार्ड उचलतो, आणि ते पाकिटात किंवा पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत जपून ठेवतो.

या रात्रीची ओढ मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. मात्र कार्डावर छापलेली एक ओळ ज्या अध्यायातून आली तो अध्याय वर्षभरात एकदाही उघडला गेला नाही, तर त्या वचनाची आणि आपली नुसती तोंडओळख राहते. म्हणून या माहितीपटाचे चित्रीकरण आम्ही बाराच्या ठोक्यांपाशी थांबवले नाही.

पडद्यावर दिसणारी ही वही मंडळीतील एका आजींची आहे. वहीच्या पानावर पट्टीने आखलेले चार रकाने आहेत: तारीख, वाचलेला अध्याय, ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांची नावे आणि शेवटचा एक रिकामा रकाना. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की त्या दिवसाची तारीख या चौथ्या रकान्यात लिहिली जाते. काही नावांपुढे दोन आठवड्यांत तारीख पडली आहे, काहींपुढे चार-चार वर्षांनी, आणि काही नावे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवली जात आजही तशीच पुढे चालली आहेत. आजी म्हणतात, की प्रार्थना ऐकली गेली हे माणूस फार लवकर विसरतो, आणि विसरला की कुरकुरायला लागतो.

आता आजींच्या शास्त्रवाचनाचा हिशेब पाहू, कारण नव्या वर्षाचे बहुतेक निश्चय हिशेब न मांडल्यामुळेच मोडतात. पवित्र शास्त्रात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर वर्षाच्या आत संपूर्ण शास्त्र वाचून होते. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी नवा करार, म्हणजे पवित्र शास्त्राचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग आहे. त्याचे अध्याय 260 आहेत, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर 52 आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो, आणि चुकलेले भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस हाताशी राहतात. नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31 असल्यामुळे तारखेचा अध्याय वाचण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. ज्या घरात शाळकरी मुले आहेत तिथे आम्हाला तीच सर्वांत सोयीची वाटते, कारण आज कोणता अध्याय हे भिंतीवरचे कॅलेंडरच सांगते.

रोज तीन अध्यायांच्या गतीने उत्पत्ती आणि निर्गम ही दोन पुस्तके जानेवारीअखेर संपतात आणि लेवीय सुरू होते. होमबली, अन्नबली आणि याजकांचे नियम यांच्या त्या 27 अध्यायांत पुष्कळांचे वाचन बंद पडते. मंडळीच्या पाळकसाहेबांचा (धर्मगुरूंचा) यावरचा सल्ला साधा आहे: राहिलेले दहा-बारा अध्याय एका रात्रीत उरकायला बसू नये, आजच्या तारखेला जो अध्याय आहे तो उघडावा आणि मागचे मागे राहू द्यावे. आजींच्या पवित्र शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, त्यांनी ज्या ज्या दिवशी वाचन पूर्ण केले त्या तारखा ओळीने लिहिलेल्या आहेत. एका वर्षापुढे तारीख नाही. तिथे 'ईयोब' एवढाच एक शब्द आहे, अपार दुःख सोसलेल्या माणसाच्या पुस्तकाचे नाव.

याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना त्यांनी येथे आसरा दिला. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असे येथील बायका-मुलींना विचारले. तेव्हा 70 जणी पुढे आल्या. आवाहन एवढेच होते: रोज एकत्र जमायचे आणि प्रार्थना करायची. एकेक करत इतर मुली येत गेल्या, आणि जून संपत आला तेव्हा 550 जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. त्या महिन्याच्या अखेरीस सदनात जी आध्यात्मिक जागृती झाली तिची वार्ता परदेशांतही पोहोचली. पण नव्या वर्षाच्या तोंडावर आम्हाला त्या जागृतीहून अधिक मोलाचे वाटतात ते तिच्या आधीचे सहा महिने, ज्यांत पाहण्यासारखे काहीच घडत नव्हते आणि तरीही दररोज एकत्र बसणे चालू होते.

रमाबाईंचे शास्त्रभाषांतरही याच रीतीने झाले. साध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची अखेरची दीड दशकांहून अधिक वर्षे त्यांनी या कामाला दिली. सदनातील स्त्रियाच छापखान्यातील अक्षरांचे खिळे जुळवत आणि छपाई करत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते.

एक जानेवारीला सकाळी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याची, उपासना आहे. चर्चच्या दाराशी उभे असलेले हे दोघे सख्खे भाऊ आहेत, आणि शेताच्या बांधावरून त्यांचे बोलणे बंद झालेले होते. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने सांगितले आहे (मत्तय 5:23-24), आणि या मंडळीत वर्षातल्या पहिल्या प्रभुभोजनाआधी ते वचन वाचण्याचा प्रघात आहे. हे दृश्य आम्ही दुरून टिपले आहे, त्यामुळे त्यांचे शब्द आमच्या माइकपर्यंत आलेले नाहीत. पुढे भाकरीसाठी दोघे एकाच रांगेत उभे राहिले.

दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान) आणि उपास यांचे चित्रण मात्र या माहितीपटात नाही. त्याविषयी विचारल्यावर आजींनी कॅमेरा बंद करायला सांगितला आणि दान व उपास लोकांना दाखवण्यासाठी करू नये असे सांगणारा मत्तयाचा सहावा अध्याय आमच्यापुढे उघडून ठेवला.

दोन जानेवारी, पहाटेचे साडेपाच. चर्चला कुलूप आहे आणि काल तोरणे लावलेल्या गल्लीत कोणी नाही. स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या याच पाटावर आजी रोज बसतात. जागा आणि वेळ ठरलेली असली की रोज नव्याने मन वळवावे लागत नाही, असे त्या सांगतात. काल रात्री त्यांनी मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि चष्मा पवित्र शास्त्रावर काढून ठेवला. आज त्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशात त्यांची नात बसली आहे. उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचून झाला आहे आणि पाचवा चालू आहे. महललेल या नावापाशी ती अडखळते, आजी तिला ते पुन्हा वाचायला लावतात, मग यारेद येतो, आणि मग देवाबरोबर चाललेला हनोख येतो. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतो. सहावा अध्याय अजून राहिला आहे. नात लाल दोरा त्या पानात ठेवते आणि दप्तर उचलते, आणि आजी वहीच्या दुसऱ्या रकान्यात पेन्सिलने पाच हा आकडा लिहितात.