बेकर चाचणी: आखणीत न बसलेलं पाणी

मार्च १९४६. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमधल्या बिकिनीच्या १६७ रहिवाशांना अमेरिकी नौदलानं जहाजातून रोंगेरिक या दुसऱ्या बेटावर हलवलं. त्यांच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांनी वेढलेल्या समुद्राच्या पाण्यात, आता अणुबॉम्ब फुटणार होते. अणुबॉम्बनं युद्धनौकांचं काय होतं, ते पाहायचं होतं. मोहिमेचं नाव, ऑपरेशन क्रॉसरोड्स.

बॉम्ब मोजकेच. जहाजांचा पसारा मात्र प्रचंड. व्हाइस ॲडमिरल ब्लँडी यांच्या हाताखाली लक्ष्य म्हणून लहानमोठी ९५ जहाजं, दिमतीला आणखी दीडशेच्या वर, आणि सुमारे ४२,००० माणसं. नांगर टाकायला जागा हवी, म्हणून पाण्याखालचे प्रवाळाचे सुळके सुमारे १०० टन डायनामाइटनं उडवले. लक्ष्यजहाजांत इंधन आणि दारूगोळाही ठेवला. लढाईत जहाज रिकामं नसतं.

१ जुलैचा पहिला बॉम्ब हवेत फुटला. किरणोत्सारी राख बरीचशी ढगाबरोबर वर गेली आणि खलाशी लवकरच जहाजांवर परतले. या सोपेपणानं घात केला.

२५ जुलै, बेकर चाचणी. 'एलएसएम-६०' या जहाजाच्या तळाला भोक पाडून दुसरा बॉम्ब २७ मीटर खोल सोडलेला. स्फोटानं उसळलेला पाण्याचा खांब कोसळला आणि किरणोत्सारी धुक्याची लाट जहाजांवरून फिरली.

परतण्याचा क्रम ठरलेला होता. आधी बिनमाणसांच्या होड्या, मग गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारी यंत्रं, घेतलेली गस्त, मागून जहाजं ओढणाऱ्या टग बोटी. पण जहाज धुवायचं कसं, याची आखणीच नव्हती! बंबाचे फवारे मारले, साबण आणि कॉस्टिक सोडा लावून डेक घासले. पण किरणोत्सारी द्रव्य रंगात, गंजात, लाकडात मुरलेलं. मदतीची जहाजंही त्याच लगूनमध्ये उभी. त्यांच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ किरणोत्सारी झालं. गोडं पाणी करणाऱ्या यंत्रांच्या नळ्यांत साचलेला क्षारांचा थरही. आणि बॉम्बमधल्या प्लुटोनियमचे अल्फा कण, हाही किरणोत्सारच, त्या गायगर काउंटरना दिसतच नव्हते.

किरणोत्सार-सुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन काम थांबवा म्हणत होते. न दिसणाऱ्या धोक्याचं गांभीर्य कुणाला पटेना. १० ऑगस्टला वॉरननी ब्लँडींपुढे फोटोची एक फिल्म ठेवली. लगूनमधला एक मासा काळोखात त्या फिल्मवर नुसता ठेवलेला होता. एक्स-रे यंत्र नाही, प्रकाश नाही. तरी माशाची आकृती तिच्यावर उमटलेली. पोटातल्या किरणोत्सारानं माशानं स्वतःचाच फोटो काढला होता.

ब्लँडींनी त्याच दिवशी जहाजं धुणं थांबवलं.