अडलेली वाट आणि भरतीचे गणित

(कोकणातील एका ग्रामवाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि या कोसळत्या पावसातही वेळेवर येऊन बसलेले सर्व श्रोतेहो,

रोजच्या अडचणींमुळे जगण्यात गोडी कशी येते, या विषयावर मी बोलावे, असे कार्यकर्त्यांनी सुचवले, तेव्हा मी थोडा घाबरलो. संकटे माणसाला घडवतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले आहे की ते ऐकताना आपण काही विचारच करत नाही. माणूस कसा घडतो, हे मला नीटसे सांगता येणार नाही. एखाद्या गोष्टीत मन कसे गुंतते, याबद्दल मात्र मी आयुष्यभर विचार करत आलो आहे, कारण मी तीस वर्षे भूगोल शिकवला आणि वर्गातल्या मुलांचे मन गुंतवणे हेच माझे काम होते. माझे म्हणणे असे, की सरळ चाललेली वाट आपण बघत नाही. ती अडली, की थांबून आजूबाजूला बघावे लागते, आणि जी गोष्ट आपण नीट बघितली तिच्याशी आपले नाते जडते.

मी दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वाढलो. हायस्कूल पलीकडे होते आणि खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीवर तिथे पूल नव्हता, आजही नाही. होडीने जावे लागे. होडी केव्हा लागेल, कुठे लागेल आणि तिच्यापर्यंत कोरड्या पायांनी पोहोचता येईल की गुडघाभर चिखल तुडवावा लागेल, हे सगळे भरती-ओहोटीवर ठरत असे. माझ्या आजोबांनी मला शाळेत घालण्याआधी एक हिशेब शिकवला होता, तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसा एकदा आणि साधारण त्याच सुमारास रात्री एकदा. शाळा पाच वाजता सुटत असे. म्हणजे अष्टमीच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर येईपर्यंत पाणी पायऱ्यांना लागलेले असायचे आणि भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असल्यामुळे खाडीही शांत असायची. पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र नेमकी त्याच वेळी उधाणाची ओहोटी, पाणी दूरवर हटलेले आणि मधे नुसता चिखल. त्या संध्याकाळी दप्तर डोक्यावर घेऊन, एकमेकांचा हात धरून आम्ही जात असू. कधी होडी चुकली, तर पाणी परत वर येईपर्यंत काठावरच बसून राहावे लागे.

त्या बसून राहण्यात मी काय काय पाहिले, याची यादी फार मोठी होईल. पाणी वळते तेव्हा आधी खाडीच्या मध्यावर नव्हे तर कडेला हालचाल दिसते, हे मी तिथे पाहिले. चंद्र रोज उशिरा उगवतो हे पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मला पायांना लागलेल्या चिखलामुळे ठाऊक झाले होते. पुढे शिक्षक झाल्यावर मी आजोबांच्या हिशेबाचा उलगडा करून पाहिला. एका चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. आपल्या वाडवडिलांनी तोंडी हिशेबासाठी पाऊण तास धरला, पंचेचाळीस मिनिटे. तीन मिनिटांची तूट आहे, पण होडी गाठायला तेवढी अचूकता पुरते. हा उलगडा झाला त्या रात्री मला झोप लागली नाही. लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी केवळ खाडी ओलांडायची म्हणून आकाशातल्या चंद्राची गती मनात बसवली होती.

२००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट सुरू झाली. गाडीसकट माणूस काही मिनिटांत पलीकडे जातो. आजारी माणसाला, बाळंतिणीला, बाजाराला जाणाऱ्याला तिचा केवढा आधार आहे, हे मी जवळून पाहिले आहे आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटत होते. माझ्या शेवटच्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांना मात्र आज भरती किती वाजता आहे, असे विचारले तर सांगता येत नसे. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. कारणाशिवाय चंद्राकडे रोज कोण बघणार? मला वर्गात ते कारण नव्याने निर्माण करावे लागे. मी त्यांना एक महिनाभर धक्क्यावर पाण्याची खूण लावायला सांगत असे, आणि दहाव्या-बाराव्या दिवसापासून मुले आपणहून माझ्या आधी तिथे येऊ लागत.

हीच गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद, समुद्र बंद, ऊन नाही, म्हणून वैशाखात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, तयारी करायची, ही आपल्या घरांची रीत. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. पूर्वी तर नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचे नाव घ्यायचे नसे. त्या अडचणीतून सुकट आली, सोडे आले, खारवलेला बांगडा आला. रातांब्याची साले मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा त्याच रसात बुडवायची, अशी पुटे देत देत आमसूल तयार होते. खाली उरलेले आगळ वर्षभराच्या सोलकढीला. फणसाच्या आठळ्या मातीत ठेवायच्या, म्हणजे आषाढात भाजीत घालता येतात. ताजे काहीच मिळणार नाही, एवढ्या एका नडीने आपल्या घरच्या बायकांना ऊन, मीठ, वारा आणि वेळ यांचे किती बारीक ज्ञान दिले, याचा आपण पुरेसा आदर केलेला नाही. माझी आजी आमसुलाचे साल दोन बोटांत दाबून सांगत असे की अजून एक पुट हवे. ते बोटांतले ज्ञान मला कधीच आले नाही, याची खंत आहे.

दशावताराचे उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. सिंधुदुर्गातल्या जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या त्या खेळाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतो. मंचावर एक बाकडे, तेच सिंहासन आणि तोच पर्वत. समोरच्या नटाने अनपेक्षित प्रश्न टाकला, की उत्तर देणाऱ्याची क्षणभर अडचण होते, आणि तो क्षण पाहण्यासाठी शेकडो माणसे कथा पाठ असूनही पहाटेपर्यंत बसून राहतात.

आता आंब्याकडे येतो, कारण तिथे मामला पोटापाण्याचा आहे. हापूस हे फार नाजूक आणि मानी झाड आहे. एक वर्ष धरते, दुसऱ्या वर्षी धरेल याची खात्री नाही. मोहोरावर तुडतुडे येतात, अवकाळी पाऊस येतो, मोहोर गळतो. सगळे पार पडून फळ हाती आले, तरी आत साका निघतो. वरून केशरी, सुवासिक, निर्दोष फळ, आणि कापल्यावर गराचा एक भाग पांढुरका, स्पंजासारखा, चव गेलेला. बागायतदाराची यासारखी निराशा दुसरी नाही, कारण आधी कळण्याचा साधा मार्गच नाही. पण याच साक्याने किती माणसांना किती बारकाईने बघायला लावले! फळ झाडावर पूर्ण पिकू द्यायचे नाही, चौदा आणे तयार झाले की देठासकट झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, उतरवायचे; ते उन्हात तापलेल्या कातळावर ठेवायचे नाही, सावलीत ठेवायचे; हे शहाणपण त्यातून आले. चौदा आणे म्हणजे काय, हे फळाच्या खांद्यांचा भराव आणि सालीचा उतरलेला रंग बघून ओळखायचे असते, आणि ती ओळख हंगामामागून हंगाम चुकल्यावरच येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली, तिच्यात साका होत नाही. तरीही आमच्या ओळखीचे बागायतदार हापूस सोडत नाहीत. त्यात भाव आणि चव आहेच. पण आयुष्यभर ज्याने छळले त्या झाडाची त्यांना जेवढी ओळख आहे तेवढी दुसऱ्या कशाची नाही, असे मला त्यांच्याशी बोलताना नेहमी जाणवते.

याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. १८५८ साली जन्मलेला हा माणूस एकशे चार वर्षे जगला, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. हे सगळे आपण शाळेत पाठ केले आहे. मला मात्र त्यांची आठवण निघाली की आधी एक परीक्षा आठवते, जी त्यांना देताच आली नाही. मुलकी परीक्षेला बसण्यासाठी हा किशोरवयीन मुलगा सोबत्यांबरोबर पावसापाण्यातून, सह्याद्रीचा घाट चढून, शंभरावर मैल पायी साताऱ्याला गेला. तिथे त्याला सांगण्यात आले, की तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. तो तसाच परत आला. यामुळेच ते पुढे मोठे झाले, असे मी म्हणणार नाही. त्याला काही पुरावा नाही, आणि अशा नकाराने खचलेली मुले मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. मला एवढेच दिसते, की त्यांनी पुढे दिलेल्या परीक्षा लोकांच्या लक्षात नाहीत आणि ही न दिलेली परीक्षा सव्वाशेहून अधिक वर्षे लोक एकमेकांना सांगत आहेत. त्या वाटेवरचा पाऊस, घाट आणि दारातला तो नकार, हे ऐकताना आपण त्या मुलाबरोबर चालू लागतो.

आता मला या सगळ्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी माझ्या आईशी अप्रामाणिक होईन. आपल्या कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून सगळा खाली निघून जाऊन चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात. माझ्या आईने अनेक वर्षे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणले. होडी चुकल्याच्या, वादळात अडकल्याच्या गोष्टी ती रंगवून सांगायची. पाण्याची गोष्ट तिने कधीही सांगितली नाही. एकदा मी फार आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, “त्यात सांगण्यासारखं काय आहे बाबा? रोज तेच होतं.” त्या उत्तराने मला या विषयाची मर्यादा शिकवली. ज्या अडचणीत आपल्याला हात घालायला जागा असते, काही ताडून बघायला, काही चुकवायला, काही युक्ती करायला वाव असतो, तीच गोडी देते. जिथे वाव नाही आणि सुटका नाही, तिथे अडचण माणसाला नुसती दमवते. आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या घरात आगोट भरलेली आहे त्यालाच पावसाळा सुंदर दिसतो. म्हणून दुसऱ्याच्या अडचणीत गोडी शोधण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या अंगणात नळ आणणे, त्याच्या खाडीवर पूल बांधणे, हे आपले काम आहे आणि ते उशिरा होत आहे याचा मला राग येतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा माझ्या एका मावसभावाची सुपारीची वाडी काही तासांत आडवी झाली. सुपारी लावल्यावर हाती पीक यायला कित्येक वर्षे जावी लागतात. ती झाडे त्याच्या वडिलांनी लावलेली होती. त्या वर्षी मी हे भाषण त्याच्यासमोर केले असते, तर तो उठून गेला असता आणि त्याचे तेच योग्य झाले असते. पुढे त्याने पुन्हा रोपे लावली. पूर्वी जुन्या झाडांची सावली होती म्हणून कधी विचार करावा लागला नव्हता. आता उघड्यावर रोपे करपू लागली. ऊन दक्षिणेचे, असे समजून त्याने दक्षिणेच्या अंगाने केळी लावल्या. तरी मे महिन्याच्या अखेरीला रोपांवर ऊन आलेच. मग हा साठी उलटलेला माणूस आपल्याच वाडीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून सावल्या बघत राहिला, आणि रात्री मला फोन करून म्हणाला, “अरे, भर दुपारी केळीची सावली दक्षिणेला पडते, हे कसं काय?”

मी त्याला सांगितले, की आपल्या अक्षांशावर साधारण १२ मेपासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. त्याने दुसऱ्या दिवशी उत्तरेकडेही केळी लावल्या, पण त्याचे समाधान झालेले नाही. नेमक्या कोणत्या दुपारी सावली नाहीशी होते, ते त्याला स्वतः बघायचे आहे. पुढच्या मे महिन्यात, बारा-तेरा तारखेच्या सुमारास, मी श्रीवर्धनला जाणार आहे. साडेबाराच्या आत पोहोचलो, तर आम्ही दोघे त्याच्या वाडीत काठी रोवून बसू.