गोड पानाची पुडी : स्टीव्हिया कितपत सुरक्षित?

[दृश्य : अंबाजोगाई. बसस्थानकाजवळचं चहाचं हॉटेल. सकाळची गर्दी.]

"दोन साधे, एक बिनसाखरेचा."

मराठवाड्यातल्या कुठल्याही हॉटेलवर घटकाभर थांबा, ही हाक कानावर येतेच. बिनसाखरेचा कप समोर आला की साठी ओलांडलेले एक मामा सदऱ्याच्या खिशातून चपटी डबी काढतात. अंगठ्यानं खटका दाबतात. मसुरीच्या डाळीएवढी पांढरी गोळी चहात पडते आणि मामा चमच्याची वाट न बघता कप नुसताच गोल फिरवतात.

मामा, यात काय असतं?

"झाडपाल्याचं हाय म्हणून घ्यायलाव. पोरानं आणून दिलंय. पर मोबाईलवर आलतं, यानं कॅन्सर होतो म्हणून. खरं हाय का वो?"

मामांच्या गावात ऊस आहे, शेजारच्या गावातले निम्मे लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि घराघरात कुणाला तरी 'शुगर' आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. इतक्या लोकांच्या चहात रोज जे पडतं, त्याबद्दल मामांनी विचारलेला प्रश्न साधा नाही. त्याचं उत्तरही नीट, पुरतं द्यायला हवं.

[दृश्य : कुंडीतलं स्टीव्हियाचं रोप. बोटांनी पान खुडलं जातं.]

हे स्टीव्हियाचं रोप. मामांची गोळी याच्याच पानांपासून बनते. गुडघ्याएवढं उंच, पानं बारीक दातेरी. पान चावलं की आधी हिरवट चव लागते, मग गोडी येते आणि जिभेच्या मागच्या बाजूला ती बराच वेळ रेंगाळते. शेवटी थोडी कडसरही लागते. रोपवाटिकांमध्ये याला 'गोड तुळस' म्हणून विकतात, पण तुळशीशी याचं काही नातं नाही. हे सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. आपली करडई, झेंडू आणि बांधावरचं गाजर गवतही त्याच कुळातलं. म्हणून ज्यांना गाजर गवतानं अंगावर खाज उठते, त्यांनी याची कच्ची पानं किंवा पानांची भुकटी खाताना जपावं. कारखान्यात शुद्ध केलेल्या अर्काबाबत मात्र ॲलर्जीची काळजी करावी असं काही आढळलेलं नाही.

मूळ हे दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेचं. तिथले ग्वारानी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ही पानं आपल्या काढ्यात घालत आले. मोइझेस बर्तोनी या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १९३१ मध्ये फ्रान्सच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पानातला गोड घटक वेगळा काढला. १९७०च्या दशकात जपाननं तो लोणची, सॉस आणि पेयांमध्ये सर्रास वापरायला सुरुवात केली.

आता मुद्द्याची गोष्ट. मामांच्या डबीत हे पान नाही.

वाळलेली पानं गरम पाण्यात भिजवतात, ते पाणी गाळतात, त्यातला रंग आणि चोथा काढतात, राळेच्या थरांतून ते सोडतात, मग अल्कोहोलनं धुऊन स्फटिक बनवतात. शेवटी जी पांढरी पूड उरते, तिला म्हणतात स्टीव्हिओल ग्लायकोसाइड. साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. जगभर सुरक्षिततेचा जो शिक्का मिळाला आहे तो ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध अशा या पुडीला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००८च्या डिसेंबरमध्ये शुद्ध अर्काला हरकत नाही म्हटलं, पण अख्ख्या पानाला आणि कच्च्या अर्काला आजही खाद्यपदार्थात वापरायची मोकळीक दिलेली नाही. पान विषारी आहे असं त्यांचं म्हणणं नाही. रक्तातली साखर, हृदय, मूत्रपिंड आणि प्रजनन यांवर पानाचा काय परिणाम होतो याचा पुरेसा अभ्यासच झालेला नाही, एवढंच. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०१५ मध्ये स्टीव्हिओल ग्लायकोसाइड वापरायला परवानगी दिली.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. कुंडीतलं एखादं पान चहात टाकलं तर घाबरायचं कारण नाही. पण बाजारातली 'शंभर टक्के नैसर्गिक' हिरवी भुकटी चमच्या-चमच्यानं खाणं, तेही गरोदरपणात, हे करू नका. झाडपाल्याचं आहे म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही. धोतराही झाडपालाच आहे.

[दृश्य : प्रयोगशाळेतल्या काचनळ्या. संथ गती.]

मग शुद्ध पुडीचं काय? तिच्यावर संशय घेतला गेला, आणि चांगलाच घेतला गेला.

१९६८ मध्ये एका शोधनिबंधात म्हटलं होतं की पॅराग्वेतल्या काही बायका हा काढा दिवस राहू नयेत म्हणून पितात. संशोधकांनी मादी उंदरांना पानांचा दाट काढा पाजला आणि त्यांची प्रजननक्षमता घटल्याचं लिहिलं. ही बातमी अजूनही कुठून कुठून उगवते. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून बघितला, तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. १९९१ मध्ये हॅमस्टर या प्राण्याच्या पिढ्यांवर, माणसाच्या खाण्याच्या मानानं अफाट मात्रा देऊन तपासणी झाली. पिल्लांची संख्या घटली नाही, वाढ खुंटली नाही.

दुसरा संशय १९८५चा. पुडीतला गोड रेणू मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि 'स्टीव्हिओल' सुटं होतं. हे स्टीव्हिओल काचनळीत, विशिष्ट जिवाणूंवर, जनुकांत बदल घडवतं असं दिसलं. कॅन्सरच्या धास्तीचं मूळ इथं आहे. पण शरीर म्हणजे काचनळी नव्हे. आतड्यातून शोषलेलं स्टीव्हिओल यकृतात लगेच दुसऱ्या रेणूला जोडलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. जिवंत प्राण्यांवरच्या चाचण्यांत जनुकांना धक्का लागल्याचं दिसलं नाही. उंदरांना दोन वर्षं, म्हणजे जवळपास त्यांचं आयुष्यभर, खाऊ घालून बघितलं. कॅन्सर वाढला नाही.

तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं घाई केली नाही. २००४ मध्ये तिनं तात्पुरती मर्यादा घातली : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २ मिलिग्रॅम, स्टीव्हिओलच्या हिशेबात. आणि सांगितलं, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसांवर अभ्यास करून दाखवा. तो झाला. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना १६ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम शुद्ध अर्क दिला गेला. तीन महिन्यांची सरासरी साखर बदलली नाही, रक्तदाबही बदलला नाही. मग २००८ मध्ये समितीनं मर्यादा ४ मिलिग्रॅमवर कायम केली. प्राण्यांना ज्या मात्रेत काहीच झालं नाही, तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढी ही मर्यादा आहे. युरोपनंही २०१० मध्ये हीच मर्यादा मान्य केली.

या अभ्यासाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. साखर बदलली नाही, म्हणजे ती कमीही झाली नाही. 'स्टीव्हिया खा, शुगर मुळापासून घालवा' असं सांगून जो माल विकतो, तो फसवतो आहे. या पुडीच्या भरवशावर कुणी गोळ्या बंद करू नयेत.

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. वजनकाटा, चहाचा कप, साखरेचा डबा.]

४ मिलिग्रॅमचा ढोबळ हिशेब असा. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखरेएवढी गोडी या पुडीतून चालते. दोन चमचे साखरेचा चहा धरला तर बारा-चौदा कप. शेतात राबणारा माणूसही एवढा चहा पीत नाही. पण १५ किलोच्या नातवाला ही मर्यादा पाव हिश्श्यावर येते, आणि तो सरबत, बिस्कीट, थंड पेय, सगळीकडून तीच गोडी घेत असू शकतो. लहान लेकराला साखर कमी द्या, हे ठीक. त्याच्या जागी दुसरी तीव्र गोडी लावायची गरज नाही.

आता मामांच्या मोबाईलवर आलेली बातमी. २०२३ हे वर्ष गोड पुड्यांना वाईट गेलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलं. ॲस्पार्टेम वेगळं, प्रयोगशाळेत बनवलेलं. त्याआधी एका अमेरिकी अभ्यासात, रक्तात एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती आणखी एक गोड पूड) जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. एरिथ्रिटॉलनंच ते झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावं अशीही ती गोष्ट नाही. दोन्हींपैकी एकही स्टीव्हिया नव्हे. आपल्याकडे मात्र सगळ्यांना 'शुगर-फ्री गोळी' हे एकच नाव, त्यामुळे एकाची बातमी दुसऱ्याच्या माथी बसते.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं होतं. पण आम्ही लातूरच्या एका किराणा दुकानातून 'स्टीव्हिया' लिहिलेली पुडी घेतली आणि पाठीमागची बारीक अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचली.

[दृश्य : पुडीची मागची बाजू. अक्षरं हळूहळू स्पष्ट होतात.]

समोर हिरवं पान. मागे पहिला घटक : एरिथ्रिटॉल. स्टीव्हिया त्याच्या खाली. कारण सोपं आहे. शुद्ध पूड इतकी गोड की चिमूटभरही जास्त होते, म्हणून ती कशात तरी मिसळावी लागते. काही जण एरिथ्रिटॉल घालतात, काही माल्टोडेक्स्ट्रिन, काही डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन आणि डेक्स्ट्रोज रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतात. एका कपापुरत्या पुडीत ते ग्रॅमभर असतं, त्यानं आभाळ कोसळत नाही. पण तीच पूड वाटीनं मोजून लाडवात घातली तर गणित बदलतं. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. स्टीव्हियाचा क्रमांक बऱ्याचदा ९६० असा दिलेला असतो. तो कितव्या जागी आहे ते बघा. चष्मा लागत असेल तर लेकीला, नातवाला वाचून दाखवायला सांगा.

आणि गुळाबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होत नाही. धारूरजवळच्या एका घरात सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "साखर बंद केलीय माय, आता गुळाचाच च्या." फार घरांत हेच चालू आहे. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, थोडे क्षार जास्त. शुगर असलेल्या माणसाच्या रक्तात गुळाचा चहा जवळपास तेच करतो जे साखरेचा करतो. या एका बाबतीत स्टीव्हियाची शुद्ध गोळी गुळापेक्षा नक्की बरी.

निरोगी माणसानं मात्र वजन उतरवायला म्हणून ही गोळी सुरू करू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये तसा सल्ला दिला, आणि त्यात स्टीव्हियाचं नावही आहे. दीर्घ काळात वजनावर त्याचा फायदा दिसत नाही. आधीच मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, हेही त्यात लिहिलं आहे. चहा थोडा थोडा फिका करत नेणं जमलं तर ते दोघांनाही चांगलं.

[दृश्य : उसाचा फड. दुपार. झाडाखाली ठेवलेली भाकरीची फडकी आणि पाण्याची कळशी.]

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाचं जेवण लांबलं, वर ऊन आणि कष्ट, तर रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी, बोलणं अडखळणं. अशा वेळी घरात, फडात, झोपडीत फक्त स्टीव्हिया असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही. जिभेला गोड लागेल, रक्तात साखर पोचणार नाही. तेव्हा खरी साखरच लागते : तीन चमचे, पाण्यात ढवळून, लगेच. म्हणून शुगर असलेल्या घरातून साखरेचा डबा हद्दपार करू नका, आणि कामाला जाताना साखरेची पुडी कमरेला बांधा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग भाकरी खायला लावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा.