खांद्यामागचं शहर

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईत गेटवेवर गळ्यात कॅमेरा अडकवून "साहेब, फोटो?" म्हणत मागे येणारे फोटोवाले तुम्ही पाहिले असतील. तसाच एक माणूस डब्लिनमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या राजधानीत, पन्नासेक वर्षं एकाच पुलावर उभा होता. त्याचं नाव आर्थर फील्ड्स. मूळ आडनाव फेल्डमन. घराणं ज्यू, युक्रेनमधून आलेलं.

१९३०च्या दशकात तो लिफी नदीवरच्या ओ'कॉनेल पुलावर आला आणि १९८०च्या दशकापर्यंत तिथेच राहिला. समोरून येणाऱ्याचा फोटो टिपायचा आणि हातात चिठ्ठी द्यायची. फोटो हवा असेल त्याने ती दाखवून पैसे द्यायचे, फोटो न्यायचा. जागा मोक्याची. हा पूल जवळजवळ जितका लांब तितकाच रुंद, आणि शहरात आलेला माणूस कधी ना कधी त्यावरून जाणारच. त्याने अंदाजे १,८२,००० फोटो काढले म्हणतात. निगेटिव्ह मात्र उरल्या नाहीत. उरलं ते लोकांच्या कपाटांत, आजीच्या बिस्किटांच्या डब्यांत. अलीकडे ते फोटो घराघरांतून मागवून गोळा केले गेले, तेव्हा कुठे पसारा कळला.

मला गंमत वाटते ती वेगळीच. फील्ड्स माणसांचे फोटो काढत होता. नवी नवरी, गावाकडून आलेला मुलगा, हॅटवाले काका, पुढे बेलबॉटमवाली पोरं. शहर काही त्याला टिपायचं नव्हतं. ते आपलं खांद्यामागून आत शिरलं. कित्येक फोटोंत पाठीमागे नेल्सनचा स्तंभ दिसतो. इंग्रजांच्या दर्यासारंगाचा हा सुमारे ४० मीटर उंच खांब स्वतंत्र आयर्लंडच्या मुख्य रस्त्यात उभा, म्हणजे अनेकांच्या डोळ्यांत सलणाराच. ८ मार्च १९६६च्या मध्यरात्रीनंतर तो सुरुंगाने उडवला गेला. जीवितहानी झाली नाही. उरलेलं थोटूक सैन्याने काही दिवसांत पाडलं. त्यामुळे फोटोमागे तारीख लिहिलेली नसली तरी घरचे लोक आधी खांब शोधतात. खांब असेल तर फोटो १९६६च्या आधीचा. मागे शहरातली ट्राम असेल तर आणखी जुना, कारण ती १९४९ साली बंद पडली.

खांबाच्या जागी २००३ साली १२० मीटर उंचीची पोलादी सुई उभी राहिली. तिला स्पायर म्हणतात. मला विचाराल तर सुंदर नाही, पण वाट चुकलेल्याला बरी. फील्ड्सच्या एकाही फोटोत ती नाही, तोवर त्याने पूल सोडला होता. २०१७ साली ट्रामही या पुलावर परतली, नव्या रूपात.

मी रविवारी तिथे कॅमेरा घेऊन जातो. पूर्वी हा देश माणसं बाहेर पाठवायचा, आता पुलावर पोलिश, पोर्तुगीज आणि अधूनमधून मराठीही कानावर पडते. पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी घेतलेली ब्राझिलियन मुलं सायकलवरून भर्रकन निघून जातात. त्यातला एक परवा थांबला. आईला पाठवायला फोटो हवा होता. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला, केस सारखे केले आणि म्हणाला, "मागे ती सुई येऊ द्या हं." पूर्ण यावी म्हणून मला फोन उभा धरून चार पावलं मागे सरकावं लागलं.